पेटी कपाटातच होती, मावशी

मावशी, गेल्या रविवारी, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी खोटं बोलले.

विहारापुढे मंडप टाकला होता. तुमचा फोटो, मेणबत्त्या, गावची माणसं आणि बाहेरगावाहून आलेली ती दहा-बारा कुटुंबं, आपापल्या मुलांना घेऊन. वंदना झाली, चार जण बोलले, मग कुणीतरी पुकारलं, "आता शायेतल्या मॅडम दोन शब्द बोलतीन." मी उठले. चोवीस वर्षं परिपाठाला बोलून माझी जीभ अशी सरावली आहे की गळा कुठे दाटून यावा हेसुद्धा तिला ठाऊक असतं. मी म्हणाले, इंदूताईंनी आपल्या लेकीसाठी आणि या सगळ्या मुलांसाठी जे केलं, ते शिकल्यासवरल्या माणसांनाही जमलं नसतं. इथवर खरं होतं. मग म्हणाले, "आणि आमच्या शाळेनंही आपल्या परीनं त्यांना साथ दिली, याचं मला समाधान आहे."

बायका डोळे पुसत होत्या. कार्यक्रम संपल्यावर तुमचे यजमान, दादाराव, हात जोडून पुढे आले. "मॅडम, तुमी होत्या म्हनून इतकं झालं. नाहीतं आमाले कोन उभं करत होतं?" मी म्हणाले, "असं काही नाही हो." हे वाक्य कुठल्या सुरात म्हटलं की ऐकणाऱ्याला विनय वाटतो, तो सूर मला येतो. जेवले, बायकांना भेटले, तीनच्या एसटीनं चिखलीला घरी आले. 

तर साथ म्हणजे नेमकी काय दिली, ते आता सांगते. तुम्ही होतात तेव्हा सांगायला हवं होतं. रोज समोर होतात. मी कधी वेळ नाही म्हणून, कधी वेळ आहे पण तोंड नाही म्हणून टाळलं.

शाळेत सगळे तुम्हाला मावशी म्हणत. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला मावशी म्हणायची रीतच आहे, मग ती कितीही लहान असो. तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होतात. मी मॅडम आणि तुम्ही मावशी, हे एकदा ठरलं की पुढे काही विचारायचं उरत नाही. तुमची खिचडी करपली की तळाची खरवड तुम्ही माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायचात, कारण पहिल्याच वर्षी मी कधीतरी आवडते म्हणाले होते. पावणेपाचची गाडी चुकू नये म्हणून भांडी घासता घासता रस्त्याकडे कान ठेवायचात. "मॅडम, गाडी आली वो!" या हाकेवर मी किती वर्षं वेळेत घरी पोचले.

आणि पल्लवी. तुमची लेक पहिलीत आली ती माझ्याच वर्गात. नाव घेतलं तरी बघायची नाही, हात धरला तर झटकायची, आणि घंटा झाली की दोन्ही कान दाबून असं ओरडायची की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी यायची. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, टांगलेला कुठे, तर तुमच्या स्वयंपाकाच्या शेडच्या आणि माझ्या वर्गाच्या मधोमध. मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी तुम्हाला बोलावून सांगितलं, "मावशी, हिला तुमच्याजवळच बसू द्या. नाव पटावर राहील, त्याची काळजी करू नका."

तुम्ही म्हणालात, "मॅडम, उपकार हायेत तुमचे. दुसऱ्या कोनी नावच काढून टाकलं असतं."

उपकार! आमचा पट त्या वर्षी काठावर होता, मावशी. एक नाव कमी झालं असतं तर एका शिक्षकाची बदली ठरलेली होती, आणि यादीत सगळ्यात वर मी होते. पल्लवीचं नाव मी माझ्यासाठी ठेवलं. ती धुरात, तांदळाच्या पोत्यावर बसून असायची आणि माझ्या हजेरीत रोज हजर असायची, माझ्या सुवाच्य अक्षरात. साहेब येणार असले की तुम्हीच तिला न्हाऊमाखू घालून, बिस्किटाचा पुडा हातात देऊन शेवटच्या रांगेत आणून बसवायचात. मला सांगावंही लागायचं नाही.

पण हे तुम्हाला माहीत होतं. जे माहीत नाही असं मी समजत होते, ते वेगळंच होतं.

पल्लवी आठ वर्षांची असताना मला तालुक्याला प्रशिक्षणाला धाडलं. तीन दिवस, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी. स्वमग्नता हा शब्द मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकला. समोरच्या बाई एकेक लक्षण सांगत होत्या आणि मला तुमची पोर दिसत होती. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी सही करून मी बाजारात गेले, भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. संध्याकाळी परतले तेव्हा प्रत्येक शाळेला एकेक पेटी वाटत होते. आत चित्रांची कार्डं, दिवसभरात कशानंतर काय करायचं हे लावायच्या पट्ट्या, कानावर बसवायचे आवाज अडवणारे गोळे आणि एक पुस्तिका. चांगली मराठीत, मोठ्या अक्षरात, आईबापांना आणि शिक्षकांना वाचता येईल अशी.

ती पेटी मी आणली, साठा रजिस्टरला चढवली आणि ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केली.

काऊन, असं तुम्ही विचारलं असतंत. तर ऐका. आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांना एका हरवलेल्या पृथ्वीगोलापायी निवृत्तीच्या वर्षी इतके हेलपाटे घालावे लागले की तेव्हापासून आमच्या शाळेत सरकारी वस्तू वापरायला काढायची नाही, असा अलिखित नियमच पडला. वापरली की तुटते, तुटली की उत्तर द्यावं लागतं. आम्ही मास्तर लोक मुलांसाठी आलेल्या वस्तू मुलांपासून जपतो. पुढच्या वर्षी तपासणीला साहेबांनी पेटी उघडून पाहिली आणि शेरा दिला, 'साहित्य उत्तम स्थितीत.' मला त्या शेऱ्याचा आनंद झाला होता, मावशी. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं.

त्याच सुमारास तुम्ही शेडच्या भिंतीला सुतळी बांधलीत. तेलाच्या पाकिटावरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, जुन्या कॅलेंडरवरचं चित्र कापायचं, खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवायचं आणि सुतळीला चिमट्यानं लावायचं. आधी चूल, मग ताट, मग घंटा, मग चप्पल म्हणजे घरी जायचं. पल्लवी रोज सकाळी ती रांग बोटानं मोजायची. पुढे काय येणार ते कळलं की ती शांत व्हायची, हे तुमचं तुम्ही शोधून काढलंत. पुस्तिकेच्या नवव्या पानावर हेच लिहिलं होतं. तिथवर पोचायला तुम्हाला तीन वर्षं लागली. मी शेडमध्ये डोकावून म्हणाले, "वा मावशी, पोरीला छान खेळ करून दिलात!"

एकदा तुम्ही म्हणालात, "मॅडम, शायेत जुने चित्रायचे तक्ते असतीन तं द्या न. मले चित्र पुरत नाहीत." मी फाटके तक्ते काढून दिले. किती मोठ्या मनानं दिले म्हणून सांगू.

मग बाजारातला तो दिवस. मी तिथे नव्हते, तुमच्याच तोंडून ऐकलं. कापडाच्या दुकानात कर्णा लागला आणि पल्लवी भर रस्त्यात लोळायला लागली. माणसं जमली. कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे लिंबू उतरवा, कुणी मोबाईल काढला. गर्दीतून एक काळीपिवळीचा ड्रायव्हर पुढे आला, दुकानदाराला म्हणाला "बंद कर बे ते भोंगा," आणि काही न बोलता तुमच्या शेजारी मातीत बसून राहिला. तो गजानन. त्याचा मुलगाही असाच, हे त्यानं अर्ध्या तासानं सांगितलं. त्या दोन घरांची मग दहा-बारा घरं झाली.

या सगळ्यांनी एकत्र बसायला बाजाराचाच दिवस तुम्ही धरलात, त्याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणूस येतोच. हातात पिशवी असली की सासू विचारत नाही, शेजारीण विचारत नाही. आपलं मूल असं आहे हे गावात न सांगताही समाजमंदिरात येऊन बसता येतं. बुद्धवाड्यात कधी पाऊल न टाकलेल्या घरच्या सुनाही मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन तुमच्या सतरंजीवर बसू लागल्या. कुठला न्हावी मशीन न लावता नुसत्या कात्रीनं केस कापतो, कुठली शिंपीण गळ्याला टोचणारी पट्टी लावत नाही, प्रमाणपत्रासाठी बुलढाण्याला कुठल्या दिवशी गर्दी कमी असते, हे सगळं तिथे कळायचं. दोघी-तिघी मुलांकडे बघायच्या आणि बाकीच्या आया भिंतीला लागून चक्क झोपायच्या. कितीतरी जणी आठवड्यातून तेवढीच झोप घ्यायच्या म्हणे.

तुम्ही मलाही बोलवायचात. मी महिन्यातून एकदा यायचे, शाळा सुटल्यावर, पाऊण तास. आले की कुणीतरी खुर्ची आणायचं आणि मी बसायचे. तुमचं-माझं एक भांडण त्या खुर्चीवरूनच अर्धं राहिलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, खाली बसा न. पोराइले तुमचं तोंड दिसत नाही." मी म्हणाले, गुडघे दुखतात. तुम्ही म्हणालात, "वर्गात तं मांडी घालून बसता." मी रागावले, पुढचे दोन महिने आलेच नाही. गुडघे खरंच दुखतात, मावशी. पण त्या दिवशी दुखत नव्हते.

आजारात तुम्ही तीन आठवडेही दिले नाहीत. बुलढाण्याला दवाखान्यात भेटायला आले तेव्हा तुमचा आवाज पार खोल गेला होता. "बाजाराच्या दिवशी तिकडं जाजा मॅडम. पोरं येतीन." मी हो हो म्हणाले. मग तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. काहीतरी ऐकायचं असल्यासारखं. मी तुम्हाला नव्या बाईची खिचडी कशी पातळ होते ते सांगत बसले. तुम्ही हसलात. मला वाटलं, बरं झालं, जरा मन रमलं तुमचं.

सोमवारी, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, गजानन शाळेत आला. ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभा राहिला.

"मॅडम, मावशी तं गेली. आता हे बसनं चालू ठेवाचं का बंद कराचं, आमाले समजून नाही राह्यलं. चालू ठेवाचं तं सामान लागते. मावशीचे पुठ्ठे भिजून गेले या पावसाळ्यात." त्यानं कपाटाकडे पाहिलं. "ते कपाटातली पेटी मिळन का?"

"कोणती पेटी?" मी विचारलं. बघा मावशी, तेव्हाही.

तो खाली बघत म्हणाला, "मावशीनं सांगतलं होतं. चार-पाच वर्सं झाले. तुमी तिले कपाटातून कोनतं तरी रजिस्टर आनाले धाडलं होतं, तवा दिसली म्हने. वर पोराचं चित्र हाये. तिनं तितंच उभ्या उभ्या झाकन वाचलं."

तुम्ही नववी शिकलेल्या होतात. हे मला माहीत होतं आणि कधी लक्षातच आलं नाही.

"मग मागितली का नाही?" मी विचारलं.

"आमी म्हनत होतो मांगू. मावशी म्हने, नोका मांगू. मॅडमले कागदाची जबाबदारी रायते. अन् आपन मांगतली तं त्याइले लाज वाटीन. त्याइच्या हातानं देतीन तवा घेऊ." गजाननने मान वर केली. "तुमी यायच्या न बाजाराच्या दिवशी, तं आमी सारे आंधी तुमच्या हाताकडं पाहो."

माझ्या हातात पर्स असायची, मावशी.

मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही पाच वर्षं गप्प राहिलात आणि तेवढी पाच वर्षं पुठ्ठे कापत राहिलात. मला राग आला तुमचा, खरं सांगते. मागायची होती ना! तोंडावर म्हणायचं होतं, मॅडम, कुलूप काढा. भांडला असतात तर मी रुसले असते, दोन दिवस बोलले नसते आणि पेटी दिली असती. तुम्ही मला चांगलं व्हायची संधी देत बसलात. कुणाची वाट बघत होतात? पण हा रागही माझ्या सोयीचाच. चूक तुमच्यावर ढकलायला मला तुम्ही मेल्यावरही हव्यात.

आज बाजार होता. मी रजा टाकली नाही, शाळा सुटल्यावर गेले. पेटी उचलून नेताना रजिस्टरला काय लिहावं ते सुचेना, मग 'मुलांना वापरण्यास दिली' असं लिहिलं. एवढं साधं वाक्य होतं ते.

समाजमंदिरात नऊ घरं आली होती. दादाराव पल्लवीला घेऊन पहिल्यांदाच आले होते, दाराशी अवघडून बसले होते. पंधरा वर्षांची झाली तुमची लेक. उंचीत तुमच्यावर गेली. ती भिंतीकडे तोंड करून डुलत होती. तुम्ही गेल्यापासून ती चुलीजवळची जागा सोडत नाही, असं दादाराव म्हणाले, आज कशीबशी आणली.

मी पेटी मध्ये ठेवली आणि सांगितलं. सगळं. पट, हजेरी, प्रशिक्षणाची दुपार, साड्या, शेरा. रविवारी मंडपात बोलले ते खोटं होतं, हेही. परिपाठाची जीभ त्या वेळी कामी आली नाही, अडखळतच बोलले. मला वाटलं होतं कुणीतरी उठून चार शिव्या हासडेल. तशी तयारीच करून गेले होते. पण एक बाई एवढंच म्हणाली, "आनली न आता. उघडा." शिव्या परवडल्या असत्या.

कार्डांचे रबर वितळून चिकटले होते, बाकी सगळं कोरं. मुलं पेटीभोवती जमली. गजाननने पुस्तिका घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागला, एकेक शब्द तोडत, कारण निम्म्या बायांना वाचता येत नाही. चौथ्या पानावर होतं, मोठा आवाज झाला की मूल कान झाकून ओरडतं, तेव्हा तो हट्ट नसतो. तो आवाज त्याला खरोखर दुखतो. अशा वेळी त्याला रागावू नका, मारू नका, आवाजापासून दूर न्या.

"थांब गजानन," दादाराव दाराजवळून म्हणाले. "ते परत वाच."

त्यानं परत वाचलं.

दादाराव उठून पुढे आले. पुस्तिका स्वतःच्या हातात घेतली, त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून बोलले. आवाजात राग नव्हता, मला माहीत नसेल म्हणून सांगावं तसं बोलले.

"मॅडम, पहिले तीन-चार वर्सं घंटा झाली का हे वरडे, अन् इंदू तिले शेडात नेऊन मारे. तोंड दाबून मारे. घरी येऊन मंग रडत बसे, जेवे नाही. मी म्हनो, काऊन मारतं लेकराले? तं म्हने, काय करू, बाजूले मॅडम शिकवून राह्यल्या, त्याइच्या वर्गाले तरास होते."